हळदीकुंकवाला पाणी घेऊन या

माझ्या पोरवयातलं एक अख्खं वर्ष मी माशांच्या नावावर लिहून टाकलं आहे. दहावीचा निकाल लागला, नातेवाइकांच्या अपेक्षेपेक्षा बराच बरा लागला, आणि आईने विचारलं, "मने, काय हवंय तुला? कानातले करू या?" मी म्हटलं, "मला एंजलफिश हवेत. जंगली." आई दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती आणि घरातही तिची भाषा फायलींतून उठून आल्यासारखी असायची. ती म्हणाली, "प्रस्ताव विचाराधीन ठेवते." बाबाही सरकारी नोकरीतच, पण त्यांच्या अंगात ऑफिस कधी शिरलंच नाही. ते पेपराआडून म्हणाले, "देऊन टाक की मंजुरी. सोनं लॉकरमध्ये ठेवावं लागतं, मासे निदान बघता तरी येतात." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता दोघांचीही फाईल बंद. पण दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "जंगली म्हणजे चावतात का गं?"

चावत नाहीत, लाजतात. साधे एंजल दिल्लीत कुठल्याही दुकानात मिळायचे. टाकीतच जन्मलेले, टाकीतच वाढलेले, माणूस दिसला की काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करणारे लाडोबा. मला हवे होते ते दक्षिण अमेरिकेतल्या नदीत जाळं टाकून धरलेले. दिल्लीतच, मुनिरक्याच्या एका गल्लीत, वर विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या आणि खाली दुकानं, तिथल्या एका माशांच्या दुकानात मी ते पाहिले होते. चांदीच्या ताटलीला काळे उभे पट्टे ओढावेत तसं अंग, पाठीवर विटकरी ठिपक्यांची शिंपण, आणि वरखाली एवढे लांब पर की मासा लांबीपेक्षा उंच दिसायचा. मी काचेजवळ गेले तर चौघंही लाकडाच्या ओंडक्यामागे गेले आणि तिथून एकेक डोळा काढून माझ्याकडे बघत राहिले. मी तिथेच विरघळले. दुकानदार म्हणाला, "ये टंकी की पैदाइश नहीं हैं, बेटा. नल के पानी में डालोगी तो रोओगी. पानी नरम रखना, और रंग चाय जैसा."

मासे आणायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. ऑफिसातून मुनिरका, तिथून परत ऑफिसापाशी, आणि मग आम्ही राहायचो त्या गाझियाबादची रोजची चार्टर्ड बस. त्या बसमध्ये वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच सीटवर बसायची आणि मागच्या बाजूला पत्त्यांचा डाव पडायचा. मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन बाबा चढले तेव्हा मागून आवाज आला, "क्या लाए हो साहब, आइसक्रीम?" बाबा म्हणाले, "मछली. ज़िंदा." झालं! डाव मोडला. प्रत्येकाला झाकण उघडून बघायचं होतं आणि बाबा झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलेले. आई शेजारच्या सीटवर खिडकीबाहेर बघत, हा गृहस्थ आपला कोणीच नाही असा चेहरा करून. ती घरी आल्यावर मला म्हणाली, "आज त्या ड्रायव्हरने जन्मात पहिल्यांदा ब्रेक हळू मारले. माझं माहेरचं लोणचं फुटलं होतं तेव्हा नाही मारले." पण हे सांगताना ती हसत होती, आणि टाकीत सोडताना पिशवी तिनेच धरली होती.

खरी गंमत पाण्याची. आमच्या गाझियाबादच्या नळाचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच. नळांना पांढरी पुटं चढायची, गिझर दर वर्षी बसायचा, आईचे केस काथ्यासारखे व्हायचे आणि ती सांगलीच्या पाण्याची आठवण काढून उसासे टाकायची. तेव्हा माशांसाठी पाणी घ्यायचं ते स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं. ते थेंबथेंब गळायचं, आणि घरात रोज भांडण: पिण्यासाठी किती आणि माशांसाठी किती. राहिला चहाचा रंग. तो यायचा देशी बदामाच्या वाळक्या पानांनी. ती पानं आमच्याकडे सहज मिळेनात, म्हणून अलिबागच्या मावशीला फोन केला. तिने अंगणातला पाचोळा झाडून, निवडून, पोत्यात भरून कुरिअरने पाठवला. कोकणातून लोक आंबे मागवतात, आम्ही पाचोळा मागवला. खालचा गार्ड ते पोतं वर आणून देताना म्हणाला, "मैडम, ये तो यहाँ भी बहुत गिरता है." आई त्याला म्हणाली, "भैया, ये इम्पोर्टेड है."

पानं टाकल्यावर पाणी हळूहळू सोनेरी झालं, मग तपकिरी, आणि तसे ते चौघं टाकीत ठेवलेल्या ओंडक्यामागून बाहेर यायला लागले. दुपारी घरी मी एकटी असायची. आई-बाबा दिल्लीत, खाली "मटर ले लो, गाजर ले लो" अशी हाक, पंपाची बारीक घरघर, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, आणि समोर त्या तपकिरी पाण्यात चार चांदीची पानं सावकाश फिरताहेत. मी गणिताचं पुस्तक उघडं ठेवून तासन्तास बघत बसायची. सुख म्हणजे काय असं मला आजही कोणी विचारलं ना, तर मी तीच दुपार दाखवीन. लग्न झालं, मूल झालं, नोकरीत बढत्या मिळाल्या, सगळं छानच झालं. पण ती दुपार ती दुपार.

आईला मासे आवडायला लागले होते, पाणी काही आवडेना. ज्या बाईच्या घरात चिंचेने घासलेला तांब्या तोंड बघण्याइतका लखलखायचा, तिच्या हॉलमध्ये, शोकेसच्या शेजारी, काढ्याच्या रंगाचं पाणी! त्यात दिवाळीच्या फराळाला आलेल्या खरेकाकूंनी नाक मुरडून विचारलं, "अगं बाई, हे मासे गटारात ठेवलेत का?" खरेकाकू सोसायटीतल्या मोजक्या मराठी बायकांपैकी, आणि त्यांची जीभ म्हणजे सुरी. आई त्यांच्यापुढे हसली, पण ते वाक्य तिच्या मनात सलत राहिलं. मी तिला दहादा समजावलं होतं की ही घाण नाही, ह्यांच्या नदीचं पाणी असंच असतं. ती म्हणायची, "कळतं गं मला. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला काय टिपणी लिहून देऊ का?"

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. त्या रविवारी बाहेर धुकं असं दाट, की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. घरात गूळपोळ्यांचा वास भरलेला, डायनिंग टेबलावर वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची चळत, कॉटवर आईची काळी चंद्रकळा इस्त्री करून पसरलेली. मी सकाळीच क्लासला गेले होते. दुपारी परत आले आणि बूट काढता काढता बाथरूममधून बाबांचा आवाज ऐकला. ते रविवारी उशिरा दाढी करायचे. "अगं, माझी तुरटी कुठाय? कापलंय इथे, रक्त येतंय!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मी घेतली होती. संपली ती."

"संपली? अख्खा खडा होता तो! खाल्लास काय?"

"मने," आई हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा असा काही फुलला होता, की तो मी अजून विसरलेली नाही. "डोळे मीट. चल हॉलमध्ये. आता उघड. बघ तुझी टाकी, कशी आरशासारखी झालीय!"

टाकी खरंच आरशासारखी झाली होती. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा पाण्यातून वाचता येत होती. तळाशी फाटलेल्या दुधासारखा तपकिरी चोथा बसला होता. आणि माझे चौघं, त्या स्वच्छ पाण्यात उघडे पडलेले, पर अंगाशी घट्ट मिटून पाण्याच्या अगदी वर येऊन धापा टाकत होते. सगळ्यात मोठा तर एका कुशीवर कलला होता.

आई सांगलीची. पुरात कृष्णेचं पाणी लाल व्हायचं, तेव्हा हंड्यात सुपारीएवढी तुरटी फिरवायची, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी प्यायचं. हे ती लहानपणापासून करत आलेली. टाकी हंड्यापेक्षा मोठी, म्हणून तिने अख्खा खडा फिरवला, हिशोबाने बरोबरच. तुरटीने त्या नरम पाण्याचा आंबटपणा एकदम वाढतो आणि ते माशांच्या कल्ल्यांना झोंबतं, हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. (माझ्या दिल्लीत वाढलेल्या लेकीला तर तुरटी म्हणजे काय हेच 'फिटकरी' म्हटल्याशिवाय कळत नाही. तिच्या हातून ही चूक व्हायची नाही, एवढं एक बरं.)

मी किंचाळले की रडले, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही. आई एकदम पांढरी पडली. "मरतील?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पाणी बदललं नाही तर मरतील. आत्ता. निम्म्याहून जास्त काढायला हवं." बाबा अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून बादली घ्यायला धावले. नळाकडे वळले तशी मी ओरडले, "नळाचं नको!" ते दुसऱ्या टोकाचं, चुन्याचं, एका दमात एवढा फरक त्यांना झेपला नसता. आरओचं हवं होतं, बादल्याच्या बादल्या, आणि आमच्या आरओच्या टाकीत तेव्हा जेमतेम पातेलंभर. सकाळपासून पाहुण्यांच्या चहासाठी भरून ठेवलेले तांबे मिळवले तरी पुरेना. बाबांनी जारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "संडे है साहब, शाम को देखते हैं." बाबांनी फोन ठेवला. मोठा मासा आता पूर्ण आडवा झाला होता.

माझी आई कोणाकडे वाटीभर साखर मागायला जाणाऱ्यातली नव्हती. विरजण संपलं तर दोन दिवस ताकाशिवाय राहू, पण शेजारी मागणार नाही, असा तिचा खाक्या. ती सरळ दाराजवळच्या इंटरकॉमपाशी गेली आणि रिसीव्हर उचलला. आवाज ऑफिसचा. "साळवेबाई, मी बोलतेय. माझ्या हातून एक मोठी चूक झालीय. मनीचे मासे मरायला टेकलेत. तुमच्याकडे आरओचं जेवढं पाणी असेल तेवढं घेऊन आत्ता या." मग दुसरा नंबर, मग तिसरा. खरेकाकूंचा नंबर फिरवण्याआधी ती क्षणभर थांबली. मग फिरवला. "खरेवहिनी, हळदीकुंकवाला यायचंच आहे ना, तर आत्ताच या. येताना पाणी घेऊन या. हो, त्या गटारातल्या माशांसाठीच."

पहिल्या आल्या साळवेकाकू. त्या तळमजल्यावर राहायच्या, शाळेत शिकवायच्या, मूळच्या नगरच्या ख्रिस्ती. आई दर वर्षी त्यांना बोलवायची आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, "ते तुमचं होऊ दे, मी मागाहून तिळगूळ खायला येते." आज त्या लिफ्टची वाट न बघता, दोन हातांत दोन कळश्या घेऊन जिने चढून आल्या होत्या. त्यांच्या मागून शेजारच्या चड्ढा आंटी, नाइटीवर शाल गुंडाळून, आणि त्यांच्या मागे पाण्याने भरलेला भलामोठा भगोना धरलेले चड्ढा अंकल. "हटो जी, हटो, इमरजेंसी है!" मग तर रांगच लागली. कोणी अर्धी नेसलेली काळी साडी खोचून, कोणी केसांना मेंदी तशीच ठेवून. कुकर, दुधाच्या किटल्या, टिफिनचे डबे, पोराची शाळेची वॉटरबॅग. एक बाई म्हणाल्या, "आमच्या पाण्यात तुळशीची पानं आहेत हो, औषधी, चालेल?" आई म्हणाली, "नको बाई, आज एवढं औषध पुरे झालं." आणि त्या गर्दीत पहिल्यांदा हशा पिकला.

आईने स्वयंपाकघराचं सेक्शन केलं. फ्रीजमधल्या बाटल्या ह्या बाजूला, साधं पाणी त्या बाजूला, थंडीतलं पाणी कोमट करायला चारही शेगड्यांवर पातेली. बाबा अर्ध्या दाढीनिशी गॅसपाशी. टाकीतलं पाणी मी नळीने बाहेर काढत होते, तळाचा चोथाही ओढून घेत होते, आणि आई स्टुलावर उभी राहून नवं पाणी बारीक धारेने आत सोडत होती. प्रत्येक भांडं ओतण्याआधी ती त्यात कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. "हे गार आहे. परत. हे कढत. गार मिसळा." खरेकाकू सगळ्यांत उशिरा आल्या. नेसून, नथ घालून, दागिने चढवून, आणि हातात चांगली पितळी घागर. "ताजं गाळलंय," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच, "मी आपलं बोलून गेले गं तेव्हा. एवढं मनावर घेईल असं वाटलं नाही." मग पदर खोचून त्याही रांगेत उभ्या राहिल्या आणि भांडी पुढे द्यायला लागल्या.

टाकी भरली तेव्हा हॉलमध्ये तळं साचलं होतं. मी मावशीच्या पोत्यातली पानं मूठभर उकळून त्याचं तपकिरी पाणी गार करून आत सोडलं, दिवा बंद केला, काचेवर चादर टाकली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायका निघायला लागल्या तशी आई म्हणाली, "थांबा. अशा कशा जाता?" आणि संध्याकाळचं हळदीकुंकू तिथेच, ओल्या फरशीवर, भर दुपारी झालं. गूळपोळीवर तुपाची धार, हातावर तिळगूळ, आईच्या ओल्या बोटांमुळे सगळ्यांचं कुंकू नाकावर ओघळलेलं. चड्ढा आंटी दोन गूळपोळ्या खाऊन तिसरी अंकलसाठी रुमालात बांधत होत्या. साळवेकाकू दाराशी उभ्या होत्या. आईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाण दिलं आणि ओल्या हातांनीच त्यांचे दोन्ही हात धरले. साळवेकाकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही पाणी मागव गं. म्हणजे मला पहिल्यापासून यायला मिळेल."

संध्याकाळभर आणि रात्रभर चादर कोणी उचलली नाही. सोमवारी सकाळी मी बघितलं तर चौघं होते, उभे होते, पण तळाशी, पर मिटलेले, ओंडक्याला चिकटून. मोठ्याच्या शेपटीची कड झिजली होती. मी शाळेचा युनिफॉर्म घालून बाहेर आले तर आई गाउनमध्येच. बाबा एकटेच बसला निघाले होते. तिने कॅज्युअल लीव्ह टाकली होती. पावसात, तापात, माझ्या कांजिण्यांत अर्ध्या दिवसाच्या रजेवर भागवणारी माझी आई! मी विचारलं, "कारण काय सांगितलंस?" ती टाकीकडे बघत म्हणाली, "घरात आजारी आहे."

शाळेत त्या दिवशी काय शिकवलं, देव जाणे. धावत घरी आले. आई टाकीसमोर जमिनीवर बसली होती, आणि तिच्या शेजारी फ्रीजरमधला तो डबा उघडा. त्यात माशांच्या खाण्याच्या गोठवलेल्या लाल अळ्या असायच्या. आई पक्की शाकाहारी. तो डबा मटारच्या पिशवीला लागला तरी ती मटार दोनदा धुवायची, आणि कधी त्या कप्प्यात हात घालावा लागला तर दुसरीकडे बघत घालायची. आता तिने त्यातली एक चिमूट बोटांत धरली होती आणि मनगटापर्यंतचा हात पाण्यात होता. "हलू नकोस," ती कुजबुजली. "मघापासून बघताहेत." मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून श्वास रोखून उभी राहिले. लहानांतला एक पुढे आला, थबकला, मागे गेला. मग तो मोठा, फाटक्या शेपटीचा, ओंडक्यामागून सावकाश निघाला, सगळे पर उघडले, आणि सरळ येऊन आईच्या बोटांतून त्याने ओढून घेतलं. मग दुसरा. मग चौघंही, एकमेकांना ढकलत.

आई उठली. ओल्या हातानेच तिने रिसीव्हर उचलला. "साळवेबाई, जेवले हो! चौघंही जेवले! माझ्या हातून खाल्लं त्यांनी!" एवढं बोलून ती हमसाहमशी रडायला लागली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा तशी रडताना पाहत होते, आणि मीही रडत होते, आणि दोघी हसतही होतो. तिकडून साळवेकाकूंचा शाळेतला खणखणीत आवाज मला इथवर ऐकू आला. "आणि तू? तू जेवलीस का?"

आईने रिसीव्हर कानापासून दूर धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. "मने," ती म्हणाली, "काल दुपारपासून मी काही खाल्लंच नाहीये गं."

मी उरलेल्या दोन गूळपोळ्या तव्यावर गरम केल्या, भरपूर तूप घातलं, आणि ताट आणून तिच्यासमोर ठेवलं. तिने घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, काय सुरेख झाल्यात! काल सगळ्या म्हणत होत्या ते उगीच नाही." मग मी तिच्या ताटातच जेवायला बसले.